अमावस्या लागेपर्यंत

माझं नाव सरूबाई. उस्मानपुऱ्यात शिकणाऱ्या पोरांची एक मेस हाय, तिथं मी भाकरी थापते. सकाळच्याला दीडशे-दोनशे. हाताला वेग हाय म्हणून मेसवाल्या बाईनं बारा वर्षं मला सांभाळलं, नायतर माझ्या तोंडापायी मी कवाच कामावरून गेले असते. तोंड माझं वाईट हाय, ते मला ठाऊक हाय. नवरा गेला तवा मी चोवीस वर्षांची होते. तवापास्नं पडेगावात भावाच्या घरी राहते. भाऊ धाकटा, कारभारी त्याचं नाव. चिकलठाण्याच्या एका कंपनीची बस चालवतो. मला आजवर कधी उलटून बोलला नाय, बिचारा. पण घर त्याचं हाय, आन् घरात शब्दही त्याचाच.

त्या दिवशी मी मेसमधून रजा काढली होती. कारभारीच्या लेकीला न्यायला सासरचे येणार होते.

लेकीचं नाव द्वारका. आमच्या आईचं नाव ठेवलंय तिला. दोन वर्षांमागं वैजापूरच्या अलीकडं एका गावात दिली होती. चार महिन्यांपूर्वी भर दुपारी एकटीच एसटीनं आली, कानात कापसाचा बोळा घालून. भाजी गार वाढली म्हणून जावयानं कानफटात दिली होती. पडदा फाटला. डॉक्टरनं कागदावर तसं लिहून दिलं. अजून डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं, काही गुपचूप सांगायचं तर उजव्या बाजूला जावं लागतं.

मंग बैठक बसली. दोन्हीकडचे भाऊबंद आले, चहा झाला, जावई सगळ्यांच्या पाया पडला, चूक झाली म्हणला. कारभारीनं पाच माणसांत शब्द दिला, धोंड्याच्या महिन्याआधी घेऊन जा. द्वारका नाय म्हणली का? म्हणली ना! बापापुढं दोनदा म्हणली, आईपुढं रोज म्हणायची. बाप म्हणायचा, "शब्द फिरवला तर उद्या कुणाच्या ओट्यावर बसायला तोंड राहायचं नाय." मी एकदा मधे बोलले तर म्हणला, "आक्का, तू ह्यात पडू नको." झालं, संपलं. मी कशी पडणार? माझंच ताट त्याच्या घरात.

आता ऐका, त्या दिवशी काय गोम होती. दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी अमावस्या लागत होती. आमच्या घरात अमावस्या लागली की लेकीला वाटं लावत नाय. आन् अमावस्या सरली की लगेच धोंड्याचा महिना. धोंड्यात लेक माहेरी राहते आन् जावयानं येऊन धोंडे खायचे, ही आमच्या घरातली रीत. म्हंजी चार बावीसपर्यंत ती उंबऱ्याच्या आत राहिली, की अख्खा एक महिना ती इथंच. तेवढ्या महिन्यात चिकलठाण्याच्या एका बेकरीत ती कामाला लागणार होती. तिथल्या बाईनं पंधरा तारखेपास्नं बोलावलं होतं. "आत्या, एकदा माझा पगार चालू होऊ दे," ती म्हणायची, "मंग बघू कोण नेतंय मला."

हा बेत तिनं फक्त मला सांगितला. आदल्या दिवशी, कपडे वाळत घालताना. "आत्या, पाव्हणे न जेवता जाणार नायत. जेवण चार बावीसपर्यंत झालंच नाय पायजे."

"अगं, पण जेवणाला इतका वेळ लावायचा तरी कसा?"

"दादांनीच पिझ्झा मागितलाय," ती बापाचं म्हणली, आन् पयल्यांदा हसली.

ते खरं होतं. ह्या चार महिन्यांत माझ्याबरोबर रिक्षानं उस्मानपुऱ्याला यायची, तिथं बायांसाठी बेकरीचा वर्ग होता, तो तिनं पुरा केला. घरी येऊन पिझ्झा करून बघायची. ओव्हन कुठला आमच्याकडं! जुन्या कुकरात खाली मीठ घालायचं, त्यावर कडं, कड्यावर ताटली. शिट्टी आन् रबर काढून टाकायचं. एका वेळी एकच पिझ्झा, त्याला वीस-पंचवीस मिनिटं. कारभारीला असली चटक लागली का विचारू नका. ड्यूटीवरून आला की पयला प्रश्न, "आज ते गोल काही हाय का?" जाता जाता लेकीच्या हातचं एकदा खायचं, एवढंच त्याच्या मनात. माया नव्हती असं नाय. मायाही होती आन् शब्दही होता, दोन्ही एकाच पोटात.

अकरा वाजता जीप आली. द्वारकाचे सासरे तात्यासाहेब, गळ्यात तुळशीची माळ, आवाज इतका मऊ की माणसाला वाटावं देवमाणूस हाय. जावई, जो गाडी चालवत होता. आन् बैठकीतला आमचाच एक भाऊबंद, फकिरराव, ज्यानं मध्यस्थी केली होती. जावयानं खाली वाकून सगळ्यांच्या पायाला हात लावला. माझ्याही. मला पाय मागं घ्यावा वाटला, पण घेतला नाय. अशा वेळी पाय कुणी मागं घेतं का!

"जेवूनच निघा," कारभारी म्हणला. "पोरीच्या हातचा पिझ्झा खाऊन जा."

"पिझ्झा म्हंजी ते जाहिरातीत ताणतात तेच का?" फकिरराव म्हणला. "आपल्या दातांना झेपंल का?"

"खाऊ की," तात्यासाहेब म्हणले. "घाई कुठंय."

मला वाटलं, देवच पावला.

स्वयंपाकखोलीत आम्ही तिघी. मी, द्वारका आन् तिची आई मनकर्णा. मनकर्णाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाणारी बाई नाय. सकाळपास्नं लेकीची बॅग भरत होती आन् पदरानं नाक पुसत होती. लेकीच्या साड्यांत लोणच्याची बरणी घालायची, काढायची, परत घालायची.

ईस्ट, म्हंजी पीठ फुगवायची पूड, कोमट पाण्यात भिजवतात म्हणं. द्वारकानं माठातलं गार पाणी घेतलं. "हळू फुगंल," माझ्याकडं न बघता म्हणली. मैदा मळला, पातेल्यात घातला, ओलं फडकं टाकलं. बारा वाजले होते. मी म्हणलं, चला, दोन तास तरी गेले. कसले दोन तास! आमची स्वयंपाकखोली पत्र्याची, उन्हाळा डोक्यावर. एक वाजला नाय तर पीठ फडकं वर उचलून बसलं. मी फडकं काढून बघितलं आन् माझ्या अंगाची लाही झाली. "मुडद्या, तुला आजच घाई झाली?" पिठाला म्हणले मी. द्वारकानं मुठीनं ते दाबलं, माठाच्या बुडाशी नेऊन ठेवलं. "अजून एकदा फुगवायचं असतं," मोठ्यानं म्हणली, बाहेर ऐकू जावं म्हणून.

तेवढ्यात जावई दारात. हातात पिशवी. कोपऱ्यावरच्या बेकरीतून तयार भाकऱ्या आणल्या होत्या, पिझ्झ्याच्या, चार-चारच्या दोन पुड्या.

"द्वारकाला तरास नको म्हणून आणल्या," म्हणला. किती गोड बोलतो! ह्याच हातानं ना रे, बाबा? द्वारकाचा चेहरा पांढराफटक पडला. ती मागं सरकली आन् तिची पाठ कपाटाला लागली. वर भाजी टाकून तव्यावर धरल्या की दहा मिनिटांत पंगत, म्हंजी दोनला जीप रस्त्याला.

माझं तोंड वाईट हाय, ते एवढ्यासाठीच देवानं दिलं असंल. म्हणलं, "जावईबापू, लई चांगलं केलं. पण बेकरीच्या मालात अंडं असतं. तात्यासाहेब माळकरी. त्यांच्या ताटात मी हे कशी वाढू?"

असतं का नसतं, मला काय ठाऊक! द्वारका खाली बघून कांदा चिरायला लागली. जावई पुडी उलटीपालटी करत उभा राहिला, काय लिहिलंय ते वाचत. मी ती त्याच्या हातातून घेतली आन् म्हणलं, "राहू द्या, मोलकरणीच्या लेकरांना देते." आमच्याकडं मोलकरीण कधी होती का? मीच होते ती. पण गेला गपगुमान. पुड्या मी तांदळाच्या डब्यामागं कोंबल्या.

दोन वाजले. बाहेर फकिररावाच्या पोटात कावळे ओरडत होते. "कारभारी, पाव्हणे उपाशी मारतो का काय आज?" कारभारीनं दोनदा आवाज दिला. मनकर्णानं ताक दिलं, पापड भाजून दिले. ह्या बाईनं पापड नसते दिले तर मला बरं वाटलं असतं. भूक मोडली तर "राहू द्या, निघतो" म्हणायचे.

द्वारका मला म्हणली, "आत्या, बेस तू कर. हातानंच थाप, लाटणं नको. हळू."

हळू! बसले मी. हाताला तेल लावलं, गोळा घेतला. माझ्या मनात एकच चाललं होतं, चार बावीस, चार बावीस. आन् हात आपले चालले. बारा वर्षांची सवय, हातांना कुठं कान असतात! द्वारका टमाटे किसायला वळली, परत वळली तर तीन झाले होते. गोल, काठ उचललेले, एकसारखे. दोन मिनिटंही झाली नसतील.

ती बघतच राहिली. "आत्या!"

"अगं मेले मी, कधी झाले ते कळलंच नाय," मी म्हणलं. मला रडूच यायला लागलं. आयुष्यात पयल्यांदा माझ्या हाताचा मला राग आला. द्वारकानं ते तिन्ही उचलले, चुरगाळून परत एक गोळा केला आन् हसायला लागली. तोंडावर पदर दाबून, हुंदका यावा तशी हसत होती. मीही हसायला लागले. मनकर्णा म्हणली, "काय झालं गं दोघींना?" आम्हाला बोलताच येईना. चार महिन्यांत आमच्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

"पीठ बिघडलं," द्वारका म्हणली. "परत विसावू द्यावं लागंल."

मनकर्णा आमच्याकडं बघत राहिली.

पावणेतीनला कुकर तापला. आता पिझ्झ्याचं बघा. टमाट्याची लसूण घालून केलेली चटणी, वर ढोबळी मिरची, कांदा, मक्याचे दाणे, आन् त्यावर किसलेलं चीज. द्वारकानं मिरचीचे तुकडे एकेक करून लावले, रांगोळीची ठिपक्यांची ओळ मांडावी तसे. पयला पिझ्झा कुकरात ठेवला आन् झाकण लावलं. मी हळूच हात घातला आन् गॅस बारीक केला. अगदी विझायच्या बेताला.

थोड्या वेळानं मनकर्णा उठली. गॅसजवळ आली, वाकून बघितलं. आता ही मोठा करणार आन् म्हणणार, वन्सं, असं कसं शिजंल. तिनं माझ्याकडं बघितलं, मंग लेकीकडं. आन् बटनाला हात लावून जाळ अजून एवढासा कमी केला. परत जाऊन बॅगेजवळ बसली. मी तिला वीस वर्षं भित्री म्हणत आले होते. त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं मला.

मंग आम्ही तिघी एक झालो. एकमेकींशी बोललो नाय, बोलायची गरजच नव्हती. मनकर्णानं चीज संपलं म्हणून शेजारच्या साळूबाईकडं जायचं सोंग केलं, रिकामीच गेली आन् रिकामीच आली. मी ताटली उतरवताना पालथी पाडायचा विचार केला, पण अन्नाला तसं करवंना. पयला पिझ्झा सव्वातीनला उतरला. फकिरराव दारापर्यंत आला, वासानं. "आणा की मंग, एकेक आणा."

"फकिरभाऊ," मी म्हणलं, "पाव्हण्यांच्या पंगतीत एकाचं ताट भरलेलं आन् तिघांची रिकामी, असं आमच्या घरात कधी झालंय का?"

"नाय झालं," तो खिन्नपणे म्हणला आन् परत जाऊन बसला. रीतीपुढं त्याचा इलाज नव्हता. मला लई बरं वाटलं. म्हणलं, आज रीत आपल्या बाजूनं हाय.

दुसरा पावणेचारला. तिसरा चार वाजून पाच मिनिटांनी. बाहेर तात्यासाहेब शांत बसले होते. एकदाही घड्याळाकडं बघितलं नाय त्यांनी. कारभारीला पावसापाण्याचं विचारत होते, कंपनीची शिफ्ट विचारत होते. मला वाटलं, साधा माणूस हाय, ह्याला कशाचा पत्ता नाय.

चौथा कुकरात गेला तसा कारभारीचाच धीर सुटला. आत आला. "आक्का, काय लावलंय? त्यांना दोन तासांची वाट हाय." आन् फडक्यानं झाकण उचललं. चीज वितळलं होतं, काठ अजून पांढरेच होते. "हा मला घाल. कच्चा असू दे." ताटल्या त्यानंच उचलल्या. लेकीचा बाप, हातात चार ताटं घेऊन चालला. मी म्हणलं, "अरे, दोन मिनिटं." ऐकलंच नाय त्यानं.

चार वाजून चौदा मिनिटं झाली होती. पंगत बसली. वदनी कवळ झालं, पयला घास घेतला. फकिररावाला चीज ताणताना हसू येत होतं, सगळे हसले, कारभारीही हसला. मी दाराशी उभी. द्वारका आत मोबाइलकडं बघत होती. आठ मिनिटं. मनकर्णानं पाण्याचे तांबे भरले, परत ओतले, परत भरले. सोळा. सतरा. तात्यासाहेब हळूहळू खाणारे, हे बरं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, खा, बाबा, चावून खा. जावई भराभर खात होता. त्याचं संपलं, त्यानं ताटातच हात धुतला. वीस.

द्वारकानं आतून माझ्याकडं मोबाइल धरला. चार तेवीस.

मी पदर खोचला आन् पंगतीपुढं जाऊन उभी राहिले. आवाज मोठा निघाला, जरा जास्तच मोठा. "कारभारी, अमावस्या लागली. आता लेकीला वाटं लावता येत नाय. परवा धोंडा. जावईबापूंनी धोंड्यात यावं, चार दिवस राहावं, आनंदानं धोंडे खावे."

कारभारीनं लेकीकडं बघितलं, मंग घड्याळाकडं, आन् मला दिसलं, त्याच्या तोंडावर हलकं झाल्यासारखं आलं. देवाशप्पथ सांगते, त्याला बरं वाटलं होतं. शब्द मोडला नव्हता, तिथी आडवी आली होती. त्यात त्याचा काय दोष!

तात्यासाहेबांनी तोंडातला घास संपवला. पाणी प्यायले. "लागली, खरं हाय," म्हणले. "चार बावीसला लागली. मी सकाळीच बघून निघालो."

"मंग झालं तर," मी म्हणलं.

"पण बाई, आमच्यात उगवतीची तिथ धरतात. आज उगवतीला चौदस होती. म्हंजी उद्या सूर्य उगवंपर्यंत आम्हाला चौदसच. अमावस्या आमची उद्या."

"आमच्यात लागली की लागली!"

"तुमच्यात असंल," ते म्हणले. जराही आवाज चढवला नाय. "पण पोरगी आता तुमच्यात कुठंय? दिली ना तुम्ही ती आमच्यात. तिला आमचीच तिथ."

हे खरं होतं. मीच लग्नात तिच्या कानात सांगितलं असंल, दिल्या घरची रीत ती आपली रीत. आमच्यातली कुठलीही बाई हेच सांगती. मी कारभारीकडं बघितलं. त्याच्या तोंडावरचं ते हलकंपण गेलं होतं. ताटाकडं बघून म्हणला, "बरोबर हाय त्यांचं, आक्का."

तेव्हा मला कळलं की तात्यासाहेब इतका वेळ घड्याळाकडं का बघत नव्हते. त्यांना घाई नव्हतीच. आम्ही चार तास त्या पिठाशी, त्या जाळाशी झुंजलो, आन् त्यांना सहा वाजले काय, सात वाजले काय, सारखंच.

मंग माझा तोल सुटला. जे चार महिने पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. "हा मारतो तिला! कान फोडलाय लेकराचा. भाजी गार होती म्हणून. असा माणूस, आन् तुम्ही तिथी काय मोजता? तुमच्या गळ्यात माळ हाय ना?"

मला वाटलं होतं, हे एकदा मोठ्यानं बोललं की काही तरी होईल. छप्पर पडंल, कुणी तरी उठंल, कारभारी तरी उठंल. काही झालं नाय. सगळ्यांना ठाऊकच होतं ते. बैठकीत कागद फिरला होता, सगळ्यांनी वाचला होता. फकिरराव खाली बघून ताटातले मक्याचे दाणे गोळा करत होता. कुणाच्या घरी जाऊन भलतंच बोलावं, तशी लाज त्यांना माझी वाटली, जावयाची नाय. जावईच म्हणला, "आत्याबाई, चूक झाली माझी. पाया पडलोय मी सगळ्यांच्या." खरंच पडला होता की. माझ्याही पडला होता, सकाळी.

"आक्का," कारभारी म्हणला, "मिटलंय ना ते. परत कशाला?"

मनकर्णा दारात आली. तिचा आवाज बारीक, पण ती बोलली. "माझ्या लेकीनं अजून खाल्लं नाय. उपाशी लेक मी वाटं लावणार नाय."

"अहो, मंग खाऊ द्या ना तिला," तात्यासाहेब म्हणले. "आम्ही काय गाडी चालू करून बसलोय का? सावकाश होऊ द्या. आम्ही थांबतो. आन् धोंड्यात येतीलच की दोघं जेवायला."

सावकाश होऊ द्या म्हणले. आता सावकाशीचा काय उपयोग होता! मी आत गेले, पाचवा पिझ्झा कुकरात ठेवला, द्वारकाचा. गॅस मोठा केला. मोठा का केला, मलाच ठाऊक नाय. बारीक करून काय होणार होतं?

द्वारका ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. मी तिच्या उजव्या बाजूला गेले. म्हणायचं होतं, पळ, मागच्या दारानं पळ, साळूबाईच्या घरातून रस्त्याला लाग. मंग मनात आलं, पळून जाणार कुठं? बेकरी पंधरा तारखेला उघडणार होती तिच्यासाठी. आज कुठं? माझ्याकडं? माझं घर कुठंय! एवढी मी तोंडाळ बाई, पण लेकराला सांगायला माझ्याकडं एक शब्द नव्हता.

"आत्या, मला भूक नाय," ती म्हणली. हात धुतले, केस नीट केले, बॅग उचलली. लोणच्याची बरणी बाहेर राहिली होती, ती मनकर्णानं परत आत घातली. मनकर्णानंच ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड. अर्धे तांदूळ फरशीवरच पडले. मी विधवा, मला ओटीला हात लावता येत नाय. मी भिंतीला टेकून बघत होते.

द्वारका बापाच्या पाया पडली. कारभारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् काढलाच नाय, ठेवूनच उभा राहिला. मंग जावई त्याला म्हणला, "येतो आम्ही, दादा," तेव्हा काढला. पिझ्झा लई चांगला झाला होता, असं तात्यासाहेब मनकर्णाला म्हणले. मनापासनं म्हणले.

मी फाटकापर्यंत गेले. ती जीपमध्ये मागं बसली, जावई पुढं. तिनं काच खाली केली. मी काचेवर हात ठेवला. मला वाटलं, आता ही काही तरी बोलंल, मला शिव्या दिल्या तरी चालतील, म्हणंल, आत्या, तू काहीच केलं नाय.

"आत्या," ती म्हणली, "गॅस चालूच हाय. जा, बंद कर, नायतर कुकर जळंल."

मी गेले. पळतच गेले. बटन फिरवलं, जाळ गेला, झाकणाखालून करपल्याचा वास आला. परत फाटकाशी आले तर रस्त्यावर नुसती धूळ होती, आन् कारभारी फाटकाची कडी हातात धरून उभा होता.